पूर्व भागातील मुलांना लोकनाट्य शिकवायचे आहे, सुरुवात कोठून करावी?

प्रश्न
सोलापूरच्या पूर्व भागात मी संध्याकाळची एक अभ्यासिका चालवतो. तेथे येणारी 22 मुले-मुली 13 ते 16 वयोगटातील असून बहुतेकांच्या घरी यंत्रमागाचे किंवा विड्या वळण्याचे काम चालते. घरात तेलुगू, गल्लीत दखनी आणि शाळेत मराठी अशी त्यांची रोजची भाषा आहे. त्यांच्याकडून एक वग, म्हणजे तमाशातील कथानाट्य, बसवून घ्यावा म्हणून मी छापील संहिता वाटली. परंतु एरवी एकमेकांच्या नकला करून अभ्यासिका डोक्यावर घेणारी हीच मुले कागद हातात येताच गप्प झाली. त्यातच ‘तमाशा’ हा शब्द कानी पडल्यावर दोन मुलींच्या आईंनी त्यांना पाठवणे बंद केले. माझे नेमके काय चुकत आहे?

उत्तर : निवृत्त शिक्षिका
आपण शेवटून सुरुवात केलीत, असे मला वाटते. गण, गवळण, बतावणी आणि मग वग हा तमाशाचा क्रम आहे, आणि त्यातील बतावणी सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर उभी असते. ती पाठ करावी लागत नाही. एकाने साधा प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने तो मुद्दाम चुकीचा समजून घ्यायचा, एवढेच सूत्र मुलांना द्या. विड्यांची मजुरी हजारी हिशेबाने मिळते, आणि मोजून घेताना काही विड्या बाद होतात. हा हिशेब ज्या घरात रोज होतो, तेथील मुलाला त्यावर दहा मिनिटे बोलायला संहिता कशाला हवी? तेलुगू आणि दखनी शब्द येऊ द्यावेत, उच्चार सुधारत बसू नये. मी माझ्या वर्गात नेमकी हीच चूक केली होती आणि उत्तम सोंगाड्या होऊ शकणारा एक मुलगा त्यामुळे पडद्यामागे जाऊन बसला.

उत्तर : ढोलकीवादक
बाईंचे म्हणणे मान्य आहे, मात्र बोलण्याआधी ताल हवा. ढोलकी महाग पडते आणि लवकर हाताला येत नाही; हलगी वस्तीत कोणाकडे तरी असतेच, तिच्यावर आरंभ करावा. दुसरे असे की, शिकवायला बोलावलेल्या कलावंताला नारळ आणि शाल देऊन परत पाठवू नका, त्याला ठरलेले मानधन द्या. मोडनिंबच्या कलाकेंद्रांतील काय किंवा फडावरील काय, पुष्कळ कलावंतांची मुले आपल्या अभ्यासिकेतील मुलांइतकीच अडचणीत वाढतात, हे विसरू नये.

उत्तर : पंढरपूरचा एक वाचक
पालकांच्या विरोधाबद्दल थोडे. तो या शहराला नवा नाही: शाहीर राम जोशी सोलापूरचेच, आणि तमाशाच्या नादापायी थोरल्या भावाने त्यांना घराबाहेर काढल्याचे सांगितले जाते. तरीही तमाशाचे नाव बदलून पालकांना फसवू नये असे माझे मत आहे; ते पहिल्याच तालमीला ओळखतील. त्याऐवजी एकनाथांच्या भारुडापासून प्रारंभ करा. विंचू, जोशी, वासुदेव अशी सोंगे पाच-सात मिनिटांत संपतात, वेशभूषेला फारसा खर्च येत नाही आणि वारीमुळे आयांना ती परकी वाटत नाहीत. एक विनंती मात्र करतो, व्यसनमुक्ती किंवा स्वच्छतेचे संदेश मुलांच्या तोंडी घालू नका. भारुडाला स्वतःचा अर्थ आहे, आणि मुलांना उपदेशाचे भोंगे बनवले की ती दुसऱ्या आठवड्यात येत नाहीत.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. काल संहिता बाजूला ठेवून ‘बाद झालेल्या विड्या’ हा विषय दिला. मोजणाऱ्याची भूमिका करणाऱ्या मुलाने विड्यांऐवजी समोर बसलेली मुलेच मोजली आणि मला बाद ठरवले. तालीम पाऊण तास लांबली. त्या दोन मुलींच्या घरी रविवारी जाणार आहे. तोपर्यंत हलगी कोणाकडे मिळते ते पाहतो. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेआधी वस्तीतल्या मोकळ्या जागेत पहिला प्रयोग करण्याचा विचार आहे, परंतु तारीख मुलांनीच ठरवावी असे म्हटले आहे.