छापील किंमत दादरला ५ आणि गुहागरलाही ५, मग गाडी दारात का येत नाही?

पडवीतला दुकानदार
माझं दुकान गुहागर तालुक्यात, खाडीच्या अंगाला. बिस्किटं, नूडल्स, वेफर्स असा एका मोठ्या कंपनीचा माल दर बुधवारी चिपळूणच्या डिस्ट्रिब्युटरच्या गाडीने येतो. येतो म्हणजे यायचा. गेल्या ३ महिन्यांत ४ बुधवार चुकले. आता सेल्समन म्हणतो, २००० च्या खाली बिल असेल तर गाडी आत वळणार नाही, फाट्यावर येऊन माल उचला.

माझा हिशोब सरळ आहे. पुडा दादरला ५ रुपयांना, माझ्याकडेही ५ लाच. छापील किमतीवर मला एक पैसा घेता येत नाही, कायदाच तसा आहे. म्हणजे माझ्या दारापर्यंतचं भाडं त्या ५ रुपयांत आधीच धरलेलं असणार. कंपनीने ते घेतलंय, तर गाडी दारात आलीच पाहिजे. नाहीतर मी कराडहून होलसेलने उचलतो, पेटीमागे २०-२५ रुपये स्वस्तच पडतं. चुकतंय का माझं?

घाटावरचा
काही चुकत नाही. महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढायचा, नाहीतर शेजारच्या तिघांनी मिळून एक टेम्पो करायचा. डिस्ट्रिब्युटर म्हणजे मधला दलाल. त्याच्या पायात कंपनीचा आणि आपला, दोघांचा पैसा जातो.

लाइनवाला, चिपळूण
दलाल म्हणालात म्हणून लिहितो. एरवी गप्प बसलो असतो.

तुमच्या बाजूची लाइन, म्हणजे माझ्या गाडीचा फेरा, जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. चढउतारात छोटा टेम्पो लिटरला १२-१३ देतो. म्हणजे डिझेल ९००, ड्रायव्हर ७००, सेल्समन ५००. झाले २१००. दिवसाचं बिलिंग ४५,००० झालं आणि ५ टक्के सुटले तर हातात २२५०. उरले १५०. त्यात गोदामाचं भाडं, वीज, उंदराने कुरतडलेली पेटी आणि बँकेचं व्याज बसवून दाखवा. कंपनीचा ट्रक माझ्याकडे निघण्याआधी माझे पैसे कटलेले असतात, आणि दुकानदार म्हणतो, "पुढच्या बुधवारी देतो." तुम्ही ६०० रुपयांच्या बिलासाठी ४ किलोमीटर आत बोलावता. पाखाडीपाशी गाडी वळतही नाही, मागे घ्यावी लागते.

पडवीतला दुकानदार
लाइनवाले दादा, तुमचं दुखणं कळतं. पण ते कंपनीला सांगा ना, मला कशाला? मी ६०० चं बिल करतो कारण माझ्या वाडीत घरं ७०, आणि त्यांतली अर्धी गणपती आणि शिमग्यालाच उघडतात.

निवृत्त सेल्सवाला
अशाच एका कंपनीत मी बरीच वर्षं घाटावर आणि खाली काम केलं. दोघंही अर्धे बरोबर आहात, म्हणून थोडं लांब लिहितो.

कारखान्यातून माल जातो सीएफएकडे, म्हणजे कंपनीने नेमलेल्या एजंटकडे. त्याचं गोदाम असतं, पण माल कंपनीचाच. तो नुसता सांभाळतो, पाठवतो आणि कमिशन घेतो. तिथून माल डिस्ट्रिब्युटरकडे गेला की विकला गेला, मालकी बदलली. कंपनीच्या भाषेत ही प्रायमरी विक्री. डिस्ट्रिब्युटर तुम्हाला देतो ती सेकंडरी. छापील किमतीत देशभराचं भाडं सरासरीने धरलेलं असतं, पण कंपनीपुरतं ते साधारण डिस्ट्रिब्युटरच्या गोदामापाशी संपतं. पुढचे ४०-५० किलोमीटर त्याच्या टक्क्यांतून जातात, आणि तो टक्का पुण्याच्या टिळक रोडला आणि गुहागरला बहुतेक सारखाच. टिळक रोडला पोरगं सायकलवरून दिवसाला ४० दुकानं करतं. म्हणून भांडायचंच असेल तर गाडीसाठी नाही, टक्क्यासाठी भांडा. काही कंपन्या आडगावासाठी सबस्टॉकिस्ट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या हाताखालचा छोटा साठेदार, नेमतात, गाडीला मदतही देतात, पण खप दिसला तरच.

बुधवार का चुकतात? जुलै २०१७ च्या आधी कंपन्या राज्याराज्यांत डेपो ठेवायच्या. दुसऱ्या राज्यात थेट विकलं की २ टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा, स्वतःच्याच डेपोत हलवलं तर नाही. जीएसटी आल्यावर ती गरज संपली. बऱ्याच जणांनी छोटी गोदामं मिटवून भिवंडीसारख्या ठिकाणी मोठी केली. कंपनीचा खर्च वाचला, पण चिपळूणचा ट्रक पूर्ण भरल्याशिवाय निघत नाही.

आता होलसेल. कराडला स्वस्त का पडतं ते विचारलंत का कधी? महिनाअखेरीला टार्गेट अडलं की तिकडचा एखादा डिस्ट्रिब्युटर कंपनीकडून मिळालेली सूट, म्हणजे स्कीम, स्वतः न ठेवता माल होलसेलात ओततो. तुम्ही उचलता ते त्याचं नुकसान. पुढच्या महिन्यात तो भाव मिळेलच असं नाही.

घाटावरचा
साहेब, कंपनीची बाजू छान मांडलीत. पण टार्गेट लावतं कोण? वर बसून तुम्हीच ना?

निवृत्त सेल्सवाला
लावलीत. २५ तारखेनंतर फोन करून माल ढकललाही आहे. नाकारत नाही.

मालवणी माणूस
गुहागरवाल्यांनू, तुमका बुधवार तरी आसा. श्रावणात घाटात दरड इली, गाडी येवक नाय. लोकांनी चायवांगडा घरचे पोहेच खाल्ले.

कोकमवाली
मी सरबत आणि आमसुलं करते, १२ बायकांचा गट आहे. सगळे भांडतायत बाहेरचा पुडा आत कसा येईल यावर. तीच गाडी परत जाताना माझ्या ४ पेट्या चिपळूणपर्यंत का नेत नाही? हिंदुस्थान लिव्हरने २००० च्या सुमारास आताच्या तेलंगणातल्या नलगोंड्यात गावातल्या बायकांनाच विक्रेत्या केलं, त्याचा 'शक्ती' कार्यक्रम देशभर गाजला. म्हणजे आमच्या हातून यांचा माल विकला जातो, यांच्या गाडीतून आमचा माल जात नाही.

लाइनवाला, चिपळूण
ताई, मनात आहे, पण कंपनीच्या करारात दुसऱ्याचा माल त्या गाडीत चालत नाही. आणि परतीची गाडी रिकामी नसते. पावसाळ्यात सादळलेली बिस्किटं, फुटलेले पुडे, एक्सपायरी, हे सगळं दुकानदार माझ्याच गाडीत टाकतात. कंपनीकडून त्याच्या भरपाईचा क्लेम मंजूर व्हायला महिने लागतात.

पडवीवाले, कराडहून आणलेला पुडा सादळला तर तुम्ही तो कोणाकडे देता? खरं सांगा.

पडवीतला दुकानदार
खरं सांगायचं तर दोनदा तुमच्याच सेल्समनच्या पोत्यात घातले.

लाइनवाला, चिपळूण
वाटलंच. बॅच नंबर आमच्या बिलाशी जुळत नव्हता. ते पैसे माझ्याच खिशातून गेले.

आणि एक. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली तेव्हा माझं गोदाम छातीभर पाण्यात होतं. निवृत्त साहेब म्हणाले तसा माल 'विकला गेलेला' होता, म्हणजे माझा. कंपनीच्या कागदावर त्या महिन्याचं टार्गेट पुरं. पुढच्या आठवड्यात चिखल उपसत असताना फोन आला, नवी ऑर्डर कधी देताय म्हणून.

घाटावरचा
तरी मी म्हणेन, दुकानदाराने स्वस्त तिथे घ्यावं. बाकीचं दुखणं तुमचं आणि कंपनीचं.

पडवीतला दुकानदार
घाटावरचे, सादळलेल्या पुड्यांपुरतं तुमचं म्हणणं मला पटत नाही आता. पण फाट्यावर मी माल न्यायला येणार नाही, डोक्यावर पेट्या घेऊन ४ किलोमीटर चालायचं वय नाही माझं. लाइनवाले, आमच्या वाडीत आणि खालच्या वाडीत मिळून ५ दुकानं आहेत. पाचांचं बिल मी एकत्र लिहून घेतो, २५०० च्या वर जाईल. माल माझ्या पडवीत उतरवा, बाकीचे येऊन नेतील. मात्र रोखीचं बोलू नका, त्यातल्या दोघांची माझ्याकडेच उधारी आहे.

लाइनवाला, चिपळूण
निम्मे रोख, निम्मे पुढच्या बुधवारी. आणि गाडी वळवायला तुमच्या फणसाची ती खालची फांदी तोडा.