नवऱ्याची तीन बोटं प्रेसमध्ये गेली, ठेकेदार 50 हजार देऊन सही मागतोय

मोशीची_ताई

नमस्कार. आम्ही मूळचे लातूर जिल्ह्यातले, पुण्याजवळ मोशीत भाड्याच्या खोलीत राहतो. नवरा भोसरी एमआयडीसीत ठेकेदाराकडून पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर कामाला. वय 35, पगार 15 हजार. मार्च 2024 मध्ये रात्रपाळीला प्रेसचा ठोका एकदम दोनदा पडला आणि उजव्या हाताची अंगठ्याजवळची तीन बोटं गेली. सेन्सर बंद होता, कारण तो चालू ठेवला की पीस कमी निघतात.

दवाखान्याचं बिल ठेकेदाराने भरलं, तेवढं खरं. पण तेव्हापासून पगार नाही. आता तो 50 हजार देतो म्हणतो आणि स्टॅम्प पेपरवर सही मागतो, की यापुढे आमचं काही मागणं नाही. मी पहाटे उठून दोन मेसच्या पोळ्या लाटते, त्यावर खोलीभाडं निघतं. मुलगी नववीत आहे. हे दिवसभर हात रुमालात गुंडाळून बसतात. गावाकडं सासूबाईंना अजून कळवू देत नाहीत. "आता मी कशाच्या कामाचा?" एवढंच म्हणतात.

सही करावी का? आणि अशा हाताला कुणी काम देतं का?

कामगार_कायदा_पुणे

सही करू नका. आणि केली तरी भरपाईचा हक्क सोडल्याचा असा करार अपघाताच्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कलम 17 नुसार रद्दच ठरतो, हे ठेकेदाराला सांगा.

ईएसआय (पगारातून कापला जाणारा कामगारांचा सरकारी विमा) लागू नसेल तर हिशेब असा: पगाराच्या 60 टक्के म्हणजे 9,000, त्याला कायद्याच्या तक्त्यातला 35 व्या वर्षाचा गुणांक 197.06, आणि एका हाताची तीन बोटं गेल्याबद्दल 30 टक्के. होतात 5,32,062 रुपये. शिवाय उशिराचं व्याज 12 टक्के. ठेकेदार पळाला तरी मूळ कारखानदार जबाबदार राहतो. त्या कायद्याखाली अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो. ईएसआय लागू असेल तर हा दावा चालत नाही, तिथला मार्ग वेगळा. वकिलाच्या फीची काळजी नको, कारखान्यातल्या कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

जुना_प्रेसवाला

ताई, मीही भोसरीत प्रेसवर होतो. डाव्या हाताची दोन बोटं गेली. तुमच्या यजमानांचा रुमाल मला न बघता दिसतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक सांगा, बँकेत महिन्याला नेमके किती जमा व्हायचे?

मोशीची_ताई

दादा, पगाराची चिठ्ठी कधी हातात आली नाही. पासबुकावर 14,687 दिसतात.

जुना_प्रेसवाला

मग 15 हजारांतून 313 कापलेत. त्यात 200 व्यवसाय कर. उरले 113. ते ईएसआयचे असणार, 15 हजारांचे 0.75 टक्के वरच्या रुपयात धरले की बरोबर 113 होतात! तुमच्या यजमानांचा ईएसआयचा विमा क्रमांक निघालेला असणार, फक्त तुम्हाला कुणी सांगितलं नाही. आणि पैसे कापून भरलेच नसतील तर तो गुन्हा आहे.

क्रमांक असला तर दोन गोष्टी. ईएसआयचे डॉक्टर जोवर कामाला अनफिट लिहितात तोवर पगाराच्या सुमारे 90 टक्के मिळतात, आणि त्या काळात नोकरीवरून काढता येत नाही. पुढे मेडिकल बोर्ड अपंगत्वाचे टक्के ठरवतं. तीन बोटांचे 30 धरले तर महिन्याला साधारण चार हजार, आणि ते हयातभर, दुसरीकडे काम धरलं तरी. माझा पगार तेव्हा कमी होता, म्हणून रक्कम लहान आहे, पण दर महिन्याला येते. मुलाची वह्या-पुस्तकं त्यातूनच झाली.

एक बघा, दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलंय? "घरी पडून" असं लिहून आणलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. मशीनवरचा अपघात असं लिहिलेलं हवं. तसं नसेल तर त्या रात्री पाळीवर कोण कोण होतं, त्यांची नावं आत्ताच लिहून ठेवा. माणसं काम सोडून गावाला जातात, मग सापडत नाहीत.

आता हाताचं. नसलेल्या बोटाला खाज सुटते, थुटाला काही लागलं की करंट बसल्यासारखं होतं. हे वेड नाही, सगळ्यांना होतं. त्यांना तसं सांगा, कारण माणूस हे कुणाला बोलत नाही. मी शर्टाची बटणं लावायला नव्याने शिकलो. जखम भरल्यावर डॉक्टरांनी स्पंजचा गोळा दाबायला दिला होता, पण माझी पकड खरी आली ती कणकेने. बायकोने परात पुढे सरकवली आणि म्हणाली, मला उशीर होतोय, मळा. तुमच्याकडे तर दोन मेसची कणीक असते. डॉक्टरांना विचारून जमेल तेवढी द्या त्यांच्याकडे.

काम मिळतं. मी क्वालिटीला आहे, गो-नोगो गेज आणि व्हर्निअर ही मापाची साधनं घेऊन पीस तपासतो. प्रेसवर काम केलेल्या माणसाला बर (कापलेल्या कडेला राहणारी धारदार कोर) कुठे येते, डाय म्हणजे साचा कधी घासलाय ते हात लावून कळतं, ते नव्या पोराला कळत नाही. त्यांची उजव्या हाताची बोटं गेलीत, म्हणून रीडिंग डाव्या हाताने लिहायची सवय आजपासून करायला लावा. मुलीची जुनी दुरेघी वही चालेल. पहिल्या आठवड्यात प्रेसचा आवाज ऐकून मला घाम फुटायचा, तसाच उभा राहिलो. आता नाही फुटत.

मोशीची_ताई

दादा, हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. खाजेचं ऐकल्यावर म्हणाले, मला वाटायचं माझं डोकं फिरलंय. कागदावर "मशीन इंजुरी" लिहिलंय, पाहिलं. सोमवारी ईएसआयच्या शाखेत जाते. काय काय नेऊ?

जुना_प्रेसवाला

आधार, पासबुक, दवाखान्याचे सगळे कागद, एक्स-रे, आणि प्रत्येकाची झेरॉक्स. जे द्याल त्याची पोच शिक्क्यानिशी घ्या. ठेकेदाराचा फोन आला तर "बघते" एवढंच म्हणा. सोमवारी माझी पहिली पाळी आहे, साडेतीनला सुटतो, तिथून सरळ शाखेत येतो. त्यांना बरोबर आणा, घरी ठेवू नका.