मंगल कार्यालयातला उरलेला भात मेंढरांना चालतोय काय?

खानापूरकर: नमस्कार मंडळी, माझी 22 मेंढरं हायत. यंदा कडबा परवडेना आणि चरायला रानच राहिलं नाही, जिकडं बघाल तिकडं ऊस. जवळचं मंगल कार्यालय भात, चपात्या, शिरा सगळं फुकट घेऊन जावा म्हणतंय. शिवाय बेळगावच्या भाजी मार्केटात कोबीचा पाला, गाजरं पडूनच असतात. कुणी घालूलेत काय? किती घालायचं सांगा की.

हुक्केरीचा धनगर: दादा भात घालू नका, हात जोडून सांगतो. मागच्या लग्नसराईत आम्ही दोन घमेली घातला, मेंढरं तुटून पडली, आम्हाला पण बरं वाटलं पोटभर खाऊलीत म्हणून. रात्री दोन मेंढ्या दात खात आडव्या, डावी कूस दाबली की आत पाणी डचमळल्यागत, हगवण पातळ आणि आंबूस वासाची. गाभण होती ती पहाटे गेली. डॉक्टर म्हणाले भात, चपाती, गोडधोड पोटात झपाट्यानं आंबतंय, आम्ल वाढून रवंथ बंद पडतोय. एकदम जास्त खाल्लं की आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार व्हायचा रोग पण होतोय, त्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या.

पशुपालन_चिकोडी: अगदी बरोबर. कोबी-गाजर चालतंय पण त्यात जवळजवळ 90 टक्के पाणीच असतंय, म्हणजे 4 किलो पाला घातला तरी कोरडा चारा साधारण 400 ग्रॅमच. 30 किलोच्या मेंढीला दिवसाला किलोभर कोरडा चारा लागतोय, म्हणून आधी भुईमुगाचा वाळला पाला नाहीतर तुरीचा भुसा आणि मग भाजी, ती पण मूठभरापासून सुरू करून 10-12 दिवसांत वाढवायची. बुरशीचा ब्रेड, कोंब आलेले हिरवे बटाटे नकोच. मटणाचा रस्सा लागलेलं तर अजिबात नको, इंग्लंडात गुरांना मांस-हाडांची भुकटी घालूनच मॅड काऊ हा मेंदूचा रोग पसरला.

कडोलीकर: आमच्या भागात रताळी लई, वेल मेंढरं आवडीनं खातात, घाला बिनधास्त. पण काळी पडलेली, बुरशी आलेली रताळी नका टाकू, त्यातलं विष फुप्फुसाला लागतंय, जनावर धापा टाकतंय.

खानापूरकर: लई उपकार झाले. कार्यालयवाल्याला आत्ताच फोन करून नको म्हणून सांगितलं. उद्या फक्त कोबी आणतो, मूठमूठच घालतो.

हुक्केरीचा धनगर: आणल्यावर पोतं जमिनीवर पसरून एकेक पान झाडून घ्या, कोथिंबिरीच्या जुडीचं रबर आणि पिशवीचे तुकडे पाल्याच्या आतच चिकटून असतात.