शब्दचर्चा: ग्रेजला काय म्हणायचं?

दर्यापूरकर: समोरच्या खोलीसाठी शेडकार्डातले दोन रंग बाजूला काढलेत. एक बेज, दुसरा ग्रेज, म्हणजे बेजातच थोडा राखाडी. पेंटरभाऊंना फोनवर 'भुरा' म्हटलं तर ते म्हणाले, "चॉकलेटी का?" सासूबाईंच्या मते भुरा म्हणजे पांढऱ्याकडे झुकलेला. नेमका शब्द कोणता?

वरोऱ्याची: बेज म्हणजे बदामी, ग्रेज म्हणजे मातकट. झालं.

निवृत्त_गुरुजी: मातकट हा रंग नव्हे, दोष आहे. धुऊनही न निघालेलं धोतर मातकट. भिंतीला मुद्दाम कोण देईल?

वरोऱ्याची: आमच्या आजीनं जन्मभर पांढऱ्या मातीनंच भिंती पोतारल्या, गुरुजी. तो काय मळ होता?

बांधावरचा: भुऱ्याचा घोळ हिंदीनं केला. तिकडं भूरा म्हंजे तपकिरी. आमच्याकडं भुऱ्या म्हटलं का गोरा, घाऱ्या डोयाचा पोरगा. पिकावर भुरी येते तेही पांढुरकीच. सासूबाई बरोबर हायेत.

भंडाऱ्याहून: ग्रेजला 'कोसा' म्हणा ना! फ्रेंचमध्ये ग्रेज म्हणजे कच्चं रेशीम, आणि बेज म्हणजे मुळात न रंगवलेली लोकर. आमच्याकडे ढिवर लोक ऐनाच्या झाडांवर कोसा घेतात, त्याच्या बिनरंगी कापडाचा रंग तोच.

वरोऱ्याची: तोच कसा? माझी कोशाची साडी चांगली मधासारखी पिवळी आहे.

बांधावरचा: कोसा बैलबी असते बाप्पा. खिल्लारात कोसा, काजळी असं म्हणतेत.

पुट्टीवाला: ताई, शब्द राहू द्या, शेडचा नंबर सांगा. पण कार्डावरून ठरवू नका. भिंतीवर दोन बाय दोन फुटांचे चौकोन काढा, दोन हात मारा, वाळू द्या. मग सकाळी पाहा आणि रात्री दिवा लावून पाहा. खिडकी उत्तरेला असेल तर ग्रेज थंड, निळसर वाटतो. पिवळ्या एलईडीखाली दोन्ही सारखेच दिसू शकतात.

निवृत्त_गुरुजी: 'शेड' कशाला? मराठीत 'छटा' आहे.

बांधावरचा: छटेचा नंबर मांगा दुकानात, मंग पाहा.

दर्यापूरकर: खिडकी उत्तरेलाच आहे. म्हणजे बेज घेऊ?

भंडाऱ्याहून: वरोऱ्याच्या ताई, भिंत 'पोतारली' म्हणता? आमच्याकडे पोतारतात ती चूल.

वरोऱ्याची: भिंतही पोतारतात. सारवतात ती जमीन.

निवृत्त_गुरुजी: मूळ शब्द 'पोतेरे'. त्यावर नवा धागा काढतो.