चार एक्स्चेंज सर्व्हरचे अपडेट स्क्रिप्टवर सोपवायचे, सुरुवात कुठून करू?

डोंबिवली_अ‍ॅडमिन:
नमस्कार मंडळी. आमच्या डॅगमध्ये (एकमेकांच्या मेलबॉक्स डेटाबेसच्या कॉपी ठेवणारा एक्स्चेंज मेल सर्व्हरचा गट) चार सर्व्हर आहेत, दोन अंधेरीच्या ऑफिसात, दोन महापेच्या डेटा सेंटरमध्ये. एक्स्चेंज २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून सबस्क्रिप्शन एडिशनवर आलो. अपडेट अजून शनिवारी रात्र जागून हातानेच करतो. साहेब म्हणतात, डब्ल्यूएसयूएसवर (मायक्रोसॉफ्टचे अपडेट ऑफिसातल्या मशीनना वाटणारी सेवा) टाका, रीस्टार्ट आपोआप होऊ द्या. मला पटत नाही, पण नेमकं कारण सांगता यायला हवं.

ठाणे_मेलरूम:
कारण हे घ्या: डब्ल्यूएसयूएसला डॅग कळत नाही. चार सर्व्हर आणि विटनेस (फक्त मतापुरतं धरलेलं वेगळं मशीन) मिळून पाच मतं, गट चालू राहायला बहुमत तिघांचं. एकाच रात्री दोन सर्व्हर आणि विटनेसचं मशीन सोबत बसलं तर उरलेले दोघे धडधाकट असूनही डेटाबेस उतरू शकतात. अपडेट डाउनलोड खुशाल होऊ द्या. बसवणं मात्र स्क्रिप्टच्या हातात, एका वेळी एकच सर्व्हर. विटनेसचा दिवस वेगळा ठेवा.

रविवारच्या मेगाब्लॉकला काम सुरू होण्याआधी स्लोच्या गाड्या फास्टवर वळवतात ना, तसं आधी ट्रान्सपोर्ट (मेलची ने-आण करणारा भाग) ड्रेनिंगवर टाका, म्हणजे नवी मेल घेणं थांबेल, आणि रांगेतली मेल रीडायरेक्ट-मेसेजने दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवा. तिथे टार्गेटचं नाव डोमेनसकट पूर्ण द्यावं लागतं. मग चालू डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर हलवणारी स्टार्ट-डॅग-सर्व्हर-मेंटेनन्स ही स्क्रिप्ट चालवा, सर्व्हर-वाइड-ऑफलाइन (सर्व्हरचे कंपोनंट, म्हणजे कामाचे भाग, बंद) करा आणि मगच अपडेट. परतताना क्रम उलटा.

पण इथवरचं कुणीही लिहील. खरा जीव पुढच्या तपासणीत आहे. रीस्टार्टनंतर टेस्ट-रेप्लिकेशन-हेल्थ (कॉपी होणं नीट चाललंय का बघणारी कमांड) स्वच्छ हवं, डेटाबेसची प्रत्येक कॉपी हेल्दी किंवा माउंटेड हवी, कॉपी क्यू (कॉपी व्हायच्या राहिलेल्या लॉगची रांग) शून्याच्या आसपास आलेला हवा. यातलं एकही चुकलं तर स्क्रिप्टने तिथेच थांबून तुम्हाला फोन करावा, पुढच्या सर्व्हरला हात लावू नये. ही अट नसलेली स्क्रिप्ट मी तरी प्रॉडक्शनवर चालू देणार नाही.

डोंबिवली_अ‍ॅडमिन:
दादा, मनापासून आभार. एक शंका. टेस्टमध्ये सर्व्हर परत आला, सर्व्हिस सगळ्या चालू, तरी कंपोनंट इनअ‍ॅक्टिव्हच दाखवतोय.

ठाणे_मेलरूम:
रिक्वेस्टर, म्हणजे कंपोनंट कुठल्या नावाने बंद केला ते, बघा. तुम्ही 'मेंटेनन्स' नावाने बंद केलं असेल आणि सीयूचा (क्युम्युलेटिव्ह अपडेटचा) सेटअप अर्धवट सुटला असेल, तर त्याने 'फंक्शनल' नावाने बंद केलेलं तसंच राहतं. ज्या ज्या नावाने बंद झालं, त्या प्रत्येक नावाने अ‍ॅक्टिव्ह करावं लागतं.

वाशी_नाइटशिफ्ट:
एमएसपी फाइल (पॅचची फाइल) स्क्रिप्टमधून चालवताना अ‍ॅडमिन हक्कांनीच चालवा, नाहीतर ओडब्ल्यूए (ब्राउझरमधली मेल) आणि ईसीपी (ब्राउझरमधलं अ‍ॅडमिनचं पान) बिघडतात. आणि साहेबांची घाई अगदीच गैर नाही हो. मार्च २०२१ मध्ये प्रॉक्सीलॉगॉन या एक्स्चेंजमधल्या सुरक्षा-त्रुटीचे पॅच आले तेव्हा हल्ले आधीच सुरू झाले होते. पुढच्या शनिवारची वाट पाहायला वेळच नव्हता. आठवड्याच्या मधल्या रात्रीही भरवशाने चालेल अशी स्क्रिप्ट करा, शेवटी हेल्थ-चेकर (सर्व्हरची तब्येत तपासणारी मायक्रोसॉफ्टची स्क्रिप्ट) चालवून त्याचा रिपोर्ट साहेबांनाच मेल होऊ दे.