एकट्या दहशतवाद्याचा हिशोब: अर्थशास्त्राला त्यातलं काही कळतं का?

अर्थबोध
कुणी एकट्याने हल्ला केला की आपण 'माथेफिरू' म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. नॉर्वेतला ब्रेविक घ्या. २२ जुलै २०११ रोजी त्याने ओस्लोत सरकारी इमारतीसमोर स्फोट घडवून ८ जणांना आणि उटोया बेटावरच्या युवक शिबिरात ६९ जणांना मारलं. आधीच्या तज्ज्ञांनी त्याला मनोरुग्ण ठरवलं, नंतरच्यांनी नाही. २०१२ मध्ये न्यायालयाने तो भानावर होता असाच निकाल दिला. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये मांडलं होतं की गुन्हेगारही फायदा, शिक्षा आणि सापडण्याची शक्यता तोलून पाहतो. हेतू विकृत असला तरी निवड हिशोबी असू शकते. हिशोब असेल तर तो बिघडवताही येतो.

रानवाट
साफ असहमत. बेकर यांचा गुन्हेगार शिक्षेला घाबरतो. ब्रेविकला खटला हवाच होता, त्याच्यासाठी ते व्यासपीठ होतं. त्याला झालेल्या २१ वर्षांच्या जागी ५० वर्षांची शिक्षा असती तर तो घरी बसला असता? तुम्ही म्हणाल, तुरुंग हाच त्याचा फायदा. अशाने कुठल्याही कृतीचं स्पष्टीकरण मागाहून देता येतं, मग त्या सिद्धांताचा उपयोग काय? शिवाय एक दार बंद केलं की माणूस दुसरं शोधतो. अमेरिकेत १९७३ पासून विमानतळांवर मेटल डिटेक्टर आले, विमान अपहरणं घटली, पण ओलीस धरण्याचे इतर प्रकार वाढले. हे अर्थतज्ज्ञांनीच दाखवलंय.

मंजिरी के.
शिक्षेवरून भांडताय, पण नॉर्वेच्या चौकशी आयोगाचा २०१२ चा अहवाल वेगळंच सांगतो. सरकारी इमारतींलगतचा ग्रुबेगाता हा रस्ता वाहनांना बंद करायचं कित्येक वर्षं आधी ठरलं होतं. काम रेंगाळलं. ३ वाजून १७ मिनिटांनी ब्रेविकची बॉम्ब ठेवलेली गाडी थेट दारापाशी लागली, ३ वाजून २५ मिनिटांनी स्फोट झाला. त्यानंतर एका वाटसरूने पोलिसांना फोन करून संशयिताचं वर्णन आणि त्याच्या दुसऱ्या गाडीचा नंबर दिला. ती चिठ्ठी सुमारे २० मिनिटं टेबलावर तशीच पडून राहिली आणि तो बेटाकडे निघून गेला. ती मुलं तेव्हा जिवंत होती. मला याचा अजून संताप येतो. त्याच्या मनात काय चाललं होतं ते कळलं नाही तरी रस्ता बंद करता येतो, चिठ्ठी पुढे देता येते.

अर्थबोध
मंजिरीताई, हेच म्हणायचं होतं. शिक्षा वाढवून फरक पडणार नाही, हे रानवाट यांचं म्हणणं मान्य. पण अडथळ्याने त्याचा खर्च वाढतो. दार बदलायचं तर नवी तयारी लागते, वेळ जातो, सापडण्याची शक्यता वाढते. संघटनेकडे माणसं असतात, एकट्याकडे नाहीत. त्याची दुसरी अडचण म्हणजे त्याला लपायचंही असतं आणि ऐकलंही जायचं असतं. अमेरिकेतल्या काझिन्स्कीने १९७८ ते १९९५ या काळात टपालाने आणि इतर मार्गांनी बॉम्ब पेरून ३ जणांना मारलं, २३ जणांना जखमी केलं. एफबीआयला तो १७ वर्षं सापडला नाही. मग आपला सुमारे ३५,००० शब्दांचा जाहीरनामा छापा, म्हणजे हत्या थांबवतो, अशी त्याने अट घातली. सप्टेंबर १९९५ मध्ये तो 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये छापून आला, आणि त्यातली भाषा त्याच्या भावाने ओळखली. प्रसिद्धीची किंमत त्याला अशी मोजावी लागली.

रानवाट
उदाहरण चांगलं आहे, पण ते तुमच्या बाजूचं नाही. छापायचं की नाही यावर तेव्हा मोठा वाद झाला, कारण एकाची अट मानली की पुढच्याला वाट मोकळी होते. आणि डेव्हिड काझिन्स्कीचा हिशोब कसा मांडाल? सख्ख्या भावाला फाशी होऊ शकते हे माहीत असताना त्याने नाव दिलं, कारण गप्प बसलो तर आणखी कुणाचा तरी जीव जाईल ही भीती होती. मग भावाचा जीव वाचावा म्हणून तो झगडला. दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं, त्यातला मोठा भाग त्याने पीडित कुटुंबांसाठी दिला. सतरा वर्षांनी आरोपी सापडला तो अशा माणसामुळे, आणि तुमच्या नफातोट्याच्या कोष्टकात त्याला रकानाच नाही.

मंजिरी के.
त्याचा रकाना नसेल, पण त्याने दिलेली माहिती कुणीतरी घेतली, तपासली, त्यावर माणसं पाठवली. ओस्लोतल्या वाटसरूनेही आपलं काम चोख केलं होतं.