गेमसाठी स्वस्त एसएसडी घेताना पैसे वेगावर घालायचे की जागेवर?

पहाटपाळी

गेल्या महिनाभरात ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: मशीन भरलंय, बजेट कमी आहे, कुठली एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान ड्राइव्ह) घेऊ? तिघांनीही घेतली ती खोक्यावर सेकंदाला ७,००० एमबीच्या पुढचा वेग छापलेली, पण ५०० जीबीची. दोघांची आताच भरत आली आहे. म्हणून हा धागा काढतोय.

माझं मत सरळ आहे. हात आखडता असेल तेव्हा वेगाच्या आकड्याकडे बघूच नका, जास्तीत जास्त जागा घ्या. डीरॅम (एसएसडीवरची वेगळी छोटी मेमरी) नसली तरी चालेल, क्यूएलसी असली तरी चालेल (एका सेलमध्ये, म्हणजे साठवणीच्या कप्प्यात, जास्त बिट कोंबणारी स्वस्त जात).

आकडे मोठे दिसतात हे खरंच. साटा, म्हणजे जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडते, एनव्हीएमई म्हणजे नव्या वेगवान जोडणीची, तिची तिसरी पिढी जेन ३, ती ३,५०० पर्यंत जाते, जेन ४ सात हजारांच्या वर, आणि जेन ५ तर १४,००० च्या आसपास. म्हणजे कागदावर पंचवीसपट फरक. पण कॉम्प्युटरवर बहुतेक गेम उघडताना वेळ जातो तो दाबून ठेवलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) फायली उलगडण्यात, आणि ते काम प्रोसेसरचं. माझ्याकडच्या एका गेमचं लोडिंग हार्ड डिस्कवर दीड मिनिट चालायचं. साटा एसएसडीवर ते वीस सेकंदांवर आलं. जेन ४ लावल्यावर सोळा. पहिला फरक आयुष्य बदलणारा होता, दुसरा मी घड्याळ लावलं म्हणून कळला.

जागेचं दुखणं मात्र रोजचं असतं. सोनीच्या पहिल्या पीएस५ कन्सोलमध्ये ८२५ जीबीची ड्राइव्ह होती, त्यातले वापरायला मिळतात ६६७. आजचे मोठे गेम शंभर जीबी सहज ओलांडतात. सहा गेम टाकले की सातव्यासाठी कुणाला तरी काढायचं, आणि महिन्याने तोच परत डाउनलोड करायचा.

पेचकस

जागेबद्दल सहमत. पण "क्यूएलसी असली तरी चालेल" हे इतक्या सहज लिहू नका, लोक वाचून खरेदी करतात.

टीएलसीच्या एका सेलमध्ये तीन बिट बसतात, क्यूएलसीत चार. तीन बिटांसाठी त्या एवढ्याशा सेलला व्होल्टेजच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, चारसाठी १६. त्यामुळे लिहिणं हळू होतं आणि सेल लवकर झिजतो. हे झाकायला कंपन्या रिकाम्या जागेचा एक भाग एसएलसी कॅश म्हणून वापरतात, म्हणजे सेलमागे एकच बिट झपाझप लिहून ठेवायचा आणि नंतर सवडीने नीट रचायचा. गोम अशी की ड्राइव्ह भरत जाते तसा हा कॅशही आकसतो.

माझ्याच टेबलावरचं सांगतो. २ टीबीची क्यूएलसी, ८५ टक्के भरलेली. तिच्यावर दुसऱ्या एनव्हीएमईवरून ११० जीबीचा गेम कॉपी करायला लावला. सुरुवातीला सेकंदाला १,९०० एमबी. साधारण २५ जीबी झाल्यावर आलेख कड्यावरून ढकलल्यासारखा खाली आला आणि ९० वर जाऊन बसला. उरलेल्या ८५ जीबीला सोळा मिनिटं लागली. ९० म्हणजे जुन्या हार्ड डिस्कचा वेग. तोच गेम तेवढ्याच भरलेल्या टीएलसीवर टाकला तर कॅश संपल्यावरही वेग शेकड्यांतच राहिला.

पहाटपाळी

@पेचकस, चाचणी खरीच असणार, पण गेम खेळणारा माणूस ११० जीबी एनव्हीएमईवरून एनव्हीएमईवर महिन्यातून किती वेळा टाकतो? गेम येतो इंटरनेटवरून. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) कनेक्शन सेकंदाला साडेबारा एमबी आणतं. कॅश संपलेली तुमची क्यूएलसीसुद्धा त्याच्या सातपट वेगाने लिहितेय. मग अडलं कुठे?

झिजेचंही तसंच. १ टीबीच्या काही स्वस्त क्यूएलसींना २२० टीबीडब्ल्यूची हमी असते, म्हणजे हमीच्या वर्षांत २२० टीबी लिहून होईपर्यंत कंपनी जबाबदार. रोज ५० जीबी लिहिले, जे कुणी लिहीत नाही, तरी बारा वर्षं पुरतील. माझ्या गेमच्या ड्राइव्हवर तीन वर्षांत २१ टीबी लिहिले गेलेत. क्रिस्टलडिस्कइन्फो (ड्राइव्हची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) उघडून आत्ताच पाहिलं.

पेचकस

झिजेबद्दल तुमचा हिशोब बरोबर आहे, तो मुद्दा मी सोडतो. डाउनलोडचा सोडत नाही. स्टीमवर (गेमचं ऑनलाइन दुकान) अपडेट आलेला बघा. डाउनलोड ३ जीबी, पण गेमचा माल जर मोठमोठ्या गठ्ठ्यांत बांधलेला असेल तर एका गठ्ठ्यातला छोटा तुकडा बदलायलासुद्धा अख्खा गठ्ठा नव्याने लिहावा लागतो. डाउनलोड चार मिनिटांत संपतं आणि पुढे डिस्कची रेघ वीस मिनिटं हलत राहते. माणसाला वाटतं इंटरनेट अडकलं. मित्र पलीकडे ताटकळत असतात आणि आपण ती रेघ बघत बसतो. हे महिन्यातून एकदा होत नाही, दर आठवड्याला होतं.

चित्रफीत

मी व्हिडिओ एडिटिंग करते आणि रात्री गेम खेळते, दोन्ही एकाच मशीनवर. पहाटपाळी, तुमचं सगळं गणित "ही ड्राइव्ह फक्त गेमसाठी" एवढ्याच गृहीतावर उभं आहे. कॉम्प्युटरमध्ये एकच एसएसडी असते अशी माणसं भरपूर आहेत. त्यावर विंडोज, ब्राउझर, कामाच्या फायली, सगळंच.

अशा ठिकाणी डीरॅम लागते. कुठला डेटा कुठल्या सेलमध्ये आहे याचा नकाशा एसएसडीला सतत चाळावा लागतो. १ टीबीमागे तो साधारण १ जीबीचा होतो आणि डीरॅम असेल तर तिथे बसतो. नसेल तर ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या रॅममधून थोडी जागा उसनी घेते, बहुतेक ६४ एमबीच्या आसपास. याला एचएमबी म्हणतात. गेमला तेवढं पुरतं. पण एकीकडे व्हिडिओ एक्स्पोर्ट होतोय, दुसरीकडे हजारो बारीक फायलींचं प्रोजेक्ट उघडतंय, अशा वेळी डीरॅम नसलेली माझी आधीची ड्राइव्ह दोन-दोन सेकंद गप्प बसायची. माऊस हलतोय आणि खिडकी उघडत नाही. ज्यांना एकच ड्राइव्ह परवडणार आहे त्यांनी २ टीबीचा मोह सोडून डीरॅमवाली १ टीबी टीएलसी घ्यावी.

पहाटपाळी

ताई, एकाच ड्राइव्हवर पोटापाण्याचं काम असेल तर तुमचं बरोबर. मी तसं वेगळं लिहायला हवं होतं. पण ज्याचं काम ब्राउझर आणि गेम एवढंच आहे त्याला मी अजूनही डीरॅमसाठी पैसे घालू देणार नाही. तेवढ्यात जागा दुप्पट होत असेल तर नाहीच नाही.

नवाखेळ

मी कन्सोलवाला. पहिली पोस्ट वाचून जेन ३ ची स्वस्त २ टीबी कार्टमध्ये टाकली आहे, पीएस५ साठी. वेग बघू नका म्हणालात म्हणून. ऑर्डर देऊ का?

दोन_बॅकअप

@नवाखेळ, थांबा, देऊ नका! पीएस५ ला जेन ४ ची एनव्हीएमईच लागते. सोनीने वाचनाचा वेग ५,५०० एमबी किंवा जास्त असावा असं सांगितलंय. नुसता आकार सारखा दिसतो म्हणून एम.२ (छोट्या पातळ पट्टीच्या आकाराची) साटा घ्याल तर तीही चालणार नाही. पहाटपाळी, कृपा करून वरची पोस्ट दुरुस्त करा. "वेग बघूच नका" हा सल्ला कन्सोलला लागू होत नाही. फायली उलगडायला पीएस५ मध्ये वेगळं हार्डवेअर आहे, त्यामुळे प्रोसेसर अडवतो हा तुमचा मुद्दाही तिथे तसाच्या तसा बसत नाही.

आणखी एक, मापं. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) हवाच, आणि हीटसिंकसकट जाडी ११.२५ मिमीच्या आत, रुंदी २५ मिमीच्या आत. मी घाईत कॉम्प्युटरसाठीचा उंच हीटसिंक घेतला होता. ड्राइव्ह बसली, पण खाचेवरची पत्र्याची झाकणपट्टी त्याच्यावर टेकून अधांतरी राहिली. सगळं काढून परत पाठवावं लागलं.

ज्यांच्याकडे एक्सबॉक्स सीरीज एक्स किंवा एस आहे त्यांना ही चर्चा उपयोगाची नाही. तिथे एम.२ साठी बाहेरून उघडणारी खाच नाही, त्यांचं स्वतःचं एक्स्पान्शन कार्ड लागतं. दोन्हीकडे यूएसबीवरची एसएसडी जुन्या पिढीचे गेम खेळायला चालते. नव्या पिढीचे फक्त साठवता येतात, खेळायचे तर परत आत आणायचे. तरीही परत डाउनलोड करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पहाटपाळी

चूक माझी. कॉम्प्युटर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आणि कन्सोलचं नाव मध्ये घेतलं. वर दुरुस्ती टाकतो: पीएस५ साठी जेन ४ आणि ५,५०० ही किमान पातळी, त्याच्या वरच्या आकड्यांना मात्र एक पैसाही जास्त देऊ नका. ५,५०० आणि ७,४०० मधला फरक खेळताना मला जाणवलेला नाही.

चित्रफीत

पीएस५ एचएमबी वापरत नाही ना? मग डीरॅम नसलेल्या ड्राइव्हला तिथे रॅम उसनी मिळणार नाही. त्याचं काय?

दोन_बॅकअप

मिळत नाही, बरोबर. पण कन्सोलवर मोठ्या फायली सलग वाचल्या जातात, बारीक फायलींचा मारा तुमच्या एडिटिंगसारखा नसतो. भावाच्या पीएस५ मध्ये डीरॅम नसलेली टीएलसी दीड वर्षं आहे, तक्रार नाही.

पेचकस

खरेदीआधी सगळ्यांनीच करावं असं एक काम. स्वस्त ड्राइव्हच्या खोक्यावर टीएलसी की क्यूएलसी हे बरेचदा छापतच नाहीत. तेव्हा डेटाशीटमधला टीबीडब्ल्यू बघा. १ टीबीला ६०० च्या आसपास असेल तर बहुधा टीएलसी, २०० च्या घरात असेल तर बहुधा क्यूएलसी. अगदी पक्कं नाही, पण खोक्यावरच्या चित्रापेक्षा खूप जास्त सांगतं.

माझी खरी चीड वेगळीच आहे. २०२१ मध्ये उघड झालं होतं की बड्या कंपन्यांनीसुद्धा काही स्वस्त मॉडेलांच्या आतला माल बदलला आणि नाव तेच ठेवलं. परीक्षणांना गेलेली ड्राइव्ह टीएलसी, नंतर लोकांच्या हातात आलेली क्यूएलसी. कमी पैसेवाल्या गिऱ्हाइकालाच हे जास्त भोगावं लागतं. म्हणून जुन्या परीक्षणावर विसंबू नका, ताजं शोधा.

आणि अनोळखी नावाची, अविश्वसनीय स्वस्त ४ टीबी दिसली तर हात लावू नका. काहींत फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) खोटी जागा दाखवतं. जागा संपली की नवा डेटा जुन्यावर लिहिला जातो आणि फायली उघडायला गेल्यावरच कळतं. घेतलीच असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा, परत करायची मुदत संपायच्या आत.

नवाखेळ

कार्ट रिकामी केली होती. पेचकस दादांची टीबीडब्ल्यूची युक्ती लावून जेन ४ ची २ टीबी घेतली: डीरॅम नाही, १,२०० टीबीडब्ल्यू, हीटसिंकवाली. आज बसवली. खाचेतली ती छोटी गोल बैठक (स्क्रूखालची) ११० मिमी लांबीच्या खुणेवर होती, ती काढून ८० मिमीच्या भोकात ठेवावी लागते हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, दहा मिनिटं स्क्रू नुसताच फिरवत होतो. फॉरमॅट झाल्यावर पीएस५ ने वाचनाचा वेग ६,२०० च्या वर दाखवला.

पहिला गेम आतल्या ड्राइव्हवरून हलवतोय.

पेचकस

छान. पण घेतलीत टीएलसीच, पहाटपाळी, हे नोंदवून ठेवा.

पहाटपाळी

नोंदवलं. आणि घेतली २ टीबी, डीरॅमशिवाय, हेही नोंदवा. माझ्या दुसऱ्या ड्राइव्हसाठी मी क्यूएलसीच घेणार आहे. अपडेटला वीस मिनिटं लागली तर लागू देत, मी चहा टाकेन.